काच उचलली की बोलायचं नाही

धाकट्याची पन्नाशी जवळ आली होती, डोक्यावरचे निम्मे केस केव्हाच निरोप घेऊन गेले होते, तरी बाजारात सगळे त्याला धाकटाच म्हणत. दोघे भाऊ मिळून काचेचं दुकान चालवत आणि वडिलांनी घालून दिलेला एक नियम पाळत: काच उचलली की तोंडाला कुलूप. पुढच्याचं पाऊल मागच्याला हातातल्या काचेतूनच कळलं पाहिजे. आयुष्यभर त्यांनी अशाच निमूटपणे मोठमोठ्या काचा जिन्यांनी वर चढवल्या. एरवी घरात मात्र दोघे इतके भांडत की शेजारी कंटाळले होते.

मग दादाला आवाज ऐकू यायला लागले. कोणीतरी पाठीमागून हुकूम सोडी, आणि वळून पाहावं तर कोणी नाही. इस्पितळ झालं, गोळ्या सुरू झाल्या, आवाज विरळ झाले. डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकवलं, आवाज आलाच तर त्याचं ऐकायचं नाही, हातातलं काम करत राहायचं. पण कामच कुठे होतं? दादा दुकानात बसून काचा पुसायचा आणि त्याच्या जागी एक पगारी माणूस काचा उचलायचा.

त्याच बाईंनी एकदा दोघा भावांना समोरासमोर बसवून डोक्यांवर तारांच्या टोप्या चढवल्या. दोघांनी मिळून बोटांनी ताल धरायचा होता. सोबत काम करताना दोन मेंदूंमधल्या लहरी कितपत जुळतात, ते बाईंना पाहायचं होतं. फारशा जुळल्या नाहीत. "एवढ्यावरून काही ठरवू नका," बाई म्हणाल्या. "आणि जुळणं एकट्याच्या हातात नसतं." धाकट्याने त्यातलं सोयीचं तेवढं घरी आणलं: दादाचं आता जुळत नाही.

शेवटी वहिनीच बोलल्या. "भाऊजी, एकदा उचलू द्या त्यांना. नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही." धाकट्याने मान डोलावली, आणि मनात ठरवून टाकलं की आज जरा जरी बिनसलं तरी दादाने यापुढे काचेला हात लावायचा नाही.

दातांच्या दवाखान्याची खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती आणि जिना अरुंद. दादा पुढे, धाकटा मागे, मधे माणसाहून उंच काच. पहिला मजला नीट पार पडला. धाकट्याचं लक्ष मात्र काचेवर नव्हतंच. तो दादाच्या मानेकडे, खांद्यांकडे, टाचांकडे बघत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा जरा झपकन वळलासा वाटला, आणि धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "हळू."

दादाची चाल तसूभरही बदलली नाही.

"दादा, हळू," धाकटा पुन्हा म्हणाला. दादा चालतच राहिला. धाकटा घाबरून थबकला, काच मागे ओढली गेली आणि तिचा कोपरा भिंतीला खरवडत गेला. वरच्या पायरीवर दादा थांबला. दोघांच्याही हातात वजन, मागे वळून बघायची सोय नाही. संपलं, धाकट्याला वाटलं.

"आत्ता मागून 'हळू' आलं," दादा समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी सावकाश म्हणाला. "ते तू होतास का?"

"नाही" म्हटलं की काम झालं. नियम धाकट्याने मोडला होता, पण दोष दादाच्या कानांवर जाणार होता. वहिनींना सांगायला कारण मिळणार होतं, आणि कोणीही ते खरं मानलं असतं. सगळ्यांत आधी दादानेच. एवढा सोपा खोटेपणा आयुष्यात कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"मीच होतो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. चुकलं माझं."

दादाने मोठा श्वास सोडला. काचेतून तो धाकट्याच्या तळव्यांपर्यंत आला.

"मग गप्प बस ना," दादा म्हणाला, आणि त्याने पाऊल उचललं.