चालू हाय का, बाई?

"बाई, ऐका की जरा. चालू हाय का?"

जमिनीवर ठेवलेल्या मशीनकडे बोट दाखवून चाचा असं विचारायचे, तेव्हा नवख्याला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. झाडं छाटायचं पेट्रोलचं मशीन ते, समोरच फटफटत असायचं. पण उभा जन्म त्याच्या आवाजात काढलेल्या चाचांना आता त्याची गर्जना तेवढी ऐकू यायची. हळू फटफट नाही. हाताला कळावं, तर बोटंही बधिर झालेली.

तुमच्याही कॉलनीत असं कोणी येत असेल. आमच्या जुळे सोलापुरात चाचा जुन्या स्कूटरवर यायचे, पण आले आणि कापायला लागले, असं कधी झालं नाही. आधी मशीन चालू करून बुंध्याशी ठेवायचे आणि स्वतः पायरीवर बसून चहा प्यायचे. वरच्या साळुंक्या आरडाओरडा करून निघून जायच्या.

"घर खाली करा म्हणून सांगतोय त्यास्नी. एकदम अंगावर जाणं बरं दिसतं का?"

एका उन्हाळ्यात त्या मशीननेच हट्ट धरला. खटका जोरात दाबला की गुरगुरायचं, बोट सोडलं की मरायचं. इकडे माझा कडुनिंब विजेच्या तारांना टेकलेला. मी म्हटलं, "दाबल्यावर चालतंय ना? मग कापा की!"

"नक्को बाई. पाखरांस्नी सांगितल्याबिगर नक्को."

झालं! माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून दुकान मांडलं. प्लग घासला, फिल्टर धुतला, कार्बोरेटर उघडून फुंकला. स्क्रू पिळून वेग वाढवला तेव्हा मशीन मरेना, पण दात्यांची चेन आपोआप फिरायला लागली.

"हे बी नको. इंजन चालू पायजे अन् चेन उभी पायजे."

चेन उभी राहिली की इंजन गप्प. मी वैतागून आत गेले. चाचा मात्र मान वर करायला तयार नव्हते.

शेवटी सापडलं. कार्बोरेटर आणि इंजनाच्या मधल्या रबराला बारीक चीर होती, तिथून हवा ओढली जात होती. दुसरं रबर आणून बसवलं, दोरी ओढली. मशीन गरजलं, मग आवाज खाली उतरला, आणि चाचांचा चेहरा पडला.

"परत मेलं का वो?"

मशीन छान चालू होतं. चेनही उभी होती. मला एकदम सगळं कळलं. मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, "चालू आहे, चाचा!"

त्यांनी मशीन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "पोरांना सांगू नका. कान गेलं म्हटलं की घरी बसवतील मला."

नाही सांगितलं. मग कॉलनीत कुठंही काम निघालं की स्कूटर आधी माझ्या फाटकाशी थांबायची. "चला की, बाई." मी चपला घालून निघायचे, परक्यांच्या झाडाखाली उभी राहून ओरडायचे. बाई रिटायर झाल्या तरी घशाची सोय झाली, असं शेजारीण म्हणायची. म्हणेना का! त्या हाकेची मी वाट पाहत असे, आणि खरं सांगायचं तर अजूनही स्कूटर वाजली की फाटकाकडे बघते.

चाचा गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत काम करत होते.

परवा कडुनिंब पुन्हा तारांना टेकला. नवा माणूस आला, नवं मशीन घेऊन. मी म्हटलं, "आधी चालू करून खाली ठेवा. थोडा वेळ." त्याने नवलाने पाहिलं, पण ठेवलं. साळुंक्या उडाल्या. चहाचा कप पायरीवर ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी नेहमीच्या आवाजात, "चालू आहे, चाचा!"

तो दचकला.

"ओरडता कशाला, बाई? ऐकू येतंय की मला."