व्याह्यांची काळी काच

दगडावर माझ्या व्याह्यांएवढी माया करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला न्हाई. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उभ्या राहिल्या, वेल्डिंगवाल्यांना फाटकं-खिडक्यांच्या कामातून मान वर काढायची सवड नव्हती. आणि त्यातलेच आमचे व्याही गिऱ्हाइकाकडं पाठ करून गॅसच्या ज्योतीनं काळा पाषाण वितळवून राहिलेले. सोयरीक ठरवायला गेलो तर चहाच्या आधी माझा तळहात एका वीतभर जाड दगडावर ठेवून घेतला अन् पलीकडून ज्योत लावली. पलीकडं दगड गुळाच्या पाकासारखा ओघळला, इकडं माझा हात गार. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. म्हणाले, "बघा इवाई, लोखंड चहाडखोर, ऊब लगेच पुढं सांगतं. दगड पोटात ठेवतो." एकदा मुक्कामाला आले तर आमच्या पाट्याला भोक पाडून गेले, बायको आठवडाभर माझ्यावरच रुसली.

त्यांचं म्हणणं एकच. फोडून पाडलेलं भोक ढासळतं. वितळवून पाडलं तर त्याच दगडाची काच होऊन भिंतीला बसते. मी दुसरीत शाळा सोडलेला, पण विहिरी खोदण्यात माझा हात धरणारा बिलोलीपर्यंत कुणी नव्हता. विचारलं, "मग आम्ही पहारी भंगारात घालाव्या का?" "तसंच समजा," म्हणाले. ते मला लई लागलं.

दुष्काळात बोर ढासळून राहिले होते, तेव्हा त्यांनी एका सरकारी साहेबाला माझ्या कोरड्या विहिरीवर आणलं. साहेबाला पटलं तर एक बोर तसा पाडायची परवानगी मिळणार होती. जन्मात त्यांनी तेवढंच मागितलं. साहेब वर झाडाखाली बसले, व्याह्यांनी तळाला हातभर भोक वितळवलं. आत काळी काच, बांगडीसारखी चमकणारी. "इवाई, वरून राख घाला, हळूहळू निवू द्या, निवलं की साहेबाला आणतो," असं सांगून ते वर गेले.

आमच्या धंद्यात तापला दगड दिसला की पाणी ओतायचं, म्हणजे तो तडकतो. बापानं तेच शिकवलेलं. पण सवयीनं ओतलं असं म्हणालो तर खोटं होईल. राख हाताशी होती. मी घागर उचलली, प्यायच्या पाण्याची, अन् ओतली.

साहेबानं खाली उतरून बोट लावलं तसे काचेचे कपचे गळून पडले. साहेब हसले, मीही हसलो. व्याह्यांनी ओल्या दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "न्हाई जमलं, साहेब. अंदाज माझाच चुकला," एवढंच म्हणाले. पुढं मरेपर्यंत फाटकंच जोडली.

त्यांची लेक माझी सून. जेवताना ती नातवंडांना बापाची गंमत सांगते, "तुमच्या आजोबांचा अंदाज चुकला अन् काच फुटली." पोरं खदखदतात. काल मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "मामा, भाजी वाढू का?"

मी "हाव, वाढ" म्हणालो.