काकाची उचलबांगडी

वर्तमानपत्रात ‘साहेबांची उचलबांगडी’ असा मथळा दिसला की मला हसू येतं. साहेब स्वतःच्या पायांनी जिना उतरतात, गाडीत बसतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या खुर्चीत टेकतात. ही कसली उचलबांगडी? चौघांनी हातपाय धरून माणूस अधांतरी न्यायचा, तो खरा प्रकार. शाळा बुडवली की मला असाच नेत. चार पोरं पुरत नसत, अर्धा वर्ग लागे. उरलेला अर्धा बघायला येई, त्यामुळे शाळा ओस.

विमानतळासाठी आमचं गाव उठलं, तेव्हा कागदावर शब्द होता ‘स्थलांतर’. सगळ्यांचं सामान टेम्पोत चढलं. माझा काका मात्र बाजेवर आडवा.

“मी माज्या पायानं नाय जानार. चालत गेलो तर उद्या बोलतील, म्हातारा राजीखुशीनं गेला. उचला मना.”

“काका, टेम्पोवाला खोळंबलाय.”

“त्याला सांग, माल जड हाय.”

दोन शेजाऱ्यांनी हात धरले, चुलत भावानं डावा पाय, मी उजवा. आम्ही निघणार तोच काकू दारात आडवी. “पाय पुढं करून नका काढू रं. जिता हाय तो.”

मग त्या दहा बाय दहात आम्ही काकाला फिरवला. जासईला क्रेननं कंटेनर फिरवतात, तेही सोपं असेल. दोन मडकी फुटली. डोकं पुढं करून बाहेर काढला आणि वेशीवर उभ्या टेम्पोकडे निघालो. “डावा पाय लोंबतोय, नीट धर,” हे काकाचं चालूच. वाटेत कुणी चहा दिला, तोही त्यानं हवेतच प्यायला. थेंब सांडला असेल तर मिशी उतरवीन.

पाय मागं राहिल्यामुळे काकाला सबंध वाट घर दिसत होतं. मला वळता येत नव्हतं. घर किती मागं पडलं, ते मी त्याच्या तोंडावर बघत होतो.

नव्या घरी त्यानं अजून जमिनीला पाय लावलेला नाही, असं मी पनवेलभर सांगतो. खोटं आहे. रोज नाक्यापर्यंत चालत जातो. पण मी आलो की पटकन पाय बाजेवर घेतो.

परवा गेलो तर शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ बसलेले. म्हणाले, “बरं झालं काका, तुम्हीपण इकडेच आलात.”

“आलो नाय. आनला मना. इचारा याला, यानंच पाय धरलेला.”

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी खुर्ची पुढं ओढली. “अहो, बारा माणसं लागली. एकाची तर कंबर…”

“चौघं होते,” काका म्हणाला. “यात वाढवू नको.”

“चौघं,” मी म्हणालो. चहा अर्धाच टाकून उठलो, आणि चपला शोधताना दोनदा तेच सांगितलं. “चौघंच होतो.”