मानसशास्त्राचा हप्ता

माझी ताई मानसशास्त्राची पदवीधर आहे आणि दिवसभर फोनवर फ्रिज बिघडलेल्यांच्या शिव्या खाते. तिच्या ऑफिसात पद्धतच पडलीय: गिऱ्हाईक फार तापलं की फोन ताईकडे ढकलायचा. पगार मात्र बारावी झालेल्यांइतकाच, आणि त्यातला निम्मा शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यात जातो.

मलाही तोच विषय घ्यायचाय. काल ती कामावरून येऊन खुर्चीत कोसळली, तेव्हा मी विचारलं, "ताई, परवडतं का गं?"

ती बोलणार तोच बँकेचा फोन आला. या महिन्याचा हप्ता थकला होता. दिवसभर कान शेकलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी घोगऱ्या आवाजात, पाठ केल्यासारखी धमक्या देत सुटली. माझं तर डोकंच फिरलं.

ताई शांतपणे म्हणाली, "घसा बसलाय तुमचा. सकाळपासून हेच बोलताय ना? आधी पाणी प्या, मी थांबते."

पलीकडे घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग हळूच प्रश्न आला, "किती छान बोलता हो. काय शिकलात तुम्ही?"

"ज्याचा हप्ता मागताय, तेच."