कडक केल्याली जीप

माझ्या तान्ह्या पोरीला कमरंपासनं पार घोट्यापत्तुर पलास्तर हुतं. दोन्ही पाय बेडकावानी फाकवून मधी एक लाकडी दांडकं आडवं बसिवल्यालं. जलमताच तिचा खुबा जागंवर न्हवता. सांगलीच्या डाक्टरनं तो बसिवला, वर पलास्तर घातलं आन् मला म्हनाला, "बाई, हे तडकू द्यायचं नाही. तडकलं की खुबा निसटतो. मग कापावं लागेल, आणि कापूनही पोरगी लंगडणार नाही असं मी सांगू शकत नाही." तवापासनं पोरगी शिंकली तरी मी पलास्तर चाचपून बगायची.

आमचं गाव साताऱ्याकडलं. मधनंमधनं तिला सांगलीला दाखवाय न्यावं लागायचं. यष्टीत ती मावायचीच न्हाई. मांडीवर घेतलं की शेजारच्या मानसाला पाय लागायचा आन् लोक वराडायचं, "आवं बाई, पोर सरळ धरा की!" आता ते सरळ कसं धरू, तुमीच सांगा.

म्हनून आमची जीप. माझं मालक मिलिट्रीत डायवर हुतं, तिथनं आलं आन् लिलावातली जुनी जीप घेतली. मागं फळ्या ठोकून हौदा केला, त्यात गुळाच्या ढेपा घालून सांगलीच्या बाजारात न्यायचं. मागल्या खेपंला मी ढेपांवर गोधडी टाकून पोरीला घिऊन बसले. गाडीचं मागचं पाटं, म्हंजी चाकावर लोखंडाच्या पट्ट्यांची कमान आसती ती, जुनं हून पार बसल्यालं. त्यात वर गुळाचं वझं. खड्डा आला की धाडकन खाली आपटायची. सांगलीत जाऊन बगतो तर पलास्तरला मांडीजवळ केसायेवडी चीर. डाक्टरनं ती लिंपली, पन माझ्याकडं आसं बगितलं जनू मीच हातोडा घातलाय.

घरी आल्याबरूबर मी ह्यांच्या मागं लागले. "आवं, ते मागचं पाटं बदला. न्हाईतर पुढल्या बारीला मी पोरीला डोक्यावर घिऊन चालत जाईन."

चुलीम्होरनं आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हनाल्या, "नवा पाटा कशाला? पाटा-वरवंटा हाय की माझ्या लग्नातला."

"त्यो न्हवं वो आत्याबाई, गाडीचा पाटा."

"गाडीला काय मसाला वाटायचाय?"

हे हसाय लागलं. हसून हसून ठसका लागला. मला रडू येतंय आन् ह्यास्नी हसू.

आज करू, उद्या करू, आसं करत करत डाक्टरनं सांगितल्याला सोमवार तोंडावर आला. शनवारी हे निघालं मिस्त्रीकडं, तर आत्याबाई दारात आडव्या. "शनवारी लोखंड आनायचं न्हाई घरात."

मी म्हनलं, "घरात कुटं आनायचंय? गाडीलाच लावायचंय."

"मग गाडी रातीची रानात हुबी करनार व्हय?"

मिलिट्रीत बंदुका घेतल्याला मानूस, आईम्होरं किल्ली परत खुंटीला लावून बसला. ऐतवारी मिस्त्रीचं दुकान बंद. म्हनून सोमवारी उजाडताच पोरीला आन् गाठोडं घिऊन साताऱ्यात मिस्त्रीच्या दारात. हितं पाटं घालायचं आन् तसंच सांगलीला निघायचं. गाडी चालवून बगायला बी वकत न्हाई.

मी मिस्त्रीला म्हनलं, "दादा, मागनं मऊ करा गाडी. पोरीला धक्का लागाय नगं."

"ताई, गाडी हाय, गादी न्हाई," मिस्त्री म्हनाला. त्यानं जुनं पाटं काडलं, नवं घातलं, वर दोनी चाकांवर येक येक पाटा जादा चडिवला. मग मागच्या फळीवर लाथ मारली. जीप हालली बी न्हाई. "बगा, एकदम कडक! आता डोंगर भरा."

"कडक!" हे म्हनलं. ह्यास्नी कडक म्हंजी सगळं चांगलंच. च्या कडक, इस्तरी कडक, सायेब कडक.

मी म्हनलं, "आवं, कडक नगं, मऊ पायजे."

"तुला काय कळतंय गाडीतलं? चड वर."

आन् पोरीसाठी म्हनून त्या दिशी ढेपा भरल्याच न्हाईत. मोकळ्या हौद्यात गादी टाकली. हे म्हनलं, "आज तुमी दोगीच. रानीवानी बसा." ते आईकून माझ्या बी मनाला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

कराडपत्तुर रस्ता गुळगुळीत. म्होरं जाऊन सांगलीचा फाटा घेतला आन् रस्ता संपला, नुसती खडी. दुष्काळात आमच्यासारख्या बायांनीच फोडल्याली आसंल. पयला खड्डा आला तशी जीप उडाली. आपटली न्हाई, उडाली! मी गादीवरनं ईतभर वर गेले, पोरगी माझ्या हातात, खाली आले ती कोपरावर. पोरीनं भोकाड पसरलं. आनी येक खड्डा, आनी येक. जुनं पाटं आपटायचं, हे नवं तर फेकून द्यायचं. मी फळीवर बुक्क्या मारल्या. "थांबवा! आवं थांबवा!" मशीनच्या आवाजात ह्यास्नी काय आईकू जाईना. शेवटाला मी पायातली चप्पल काडून म्होरं फेकली, ती ह्यांच्या मानंला लागली.

जीप थांबली. मी पोरीला घिऊन खाली उतरले आन् रस्त्याकडंला बसले. पलास्तरवरनं बोट फिरवत बगितलं, जुनी लिंपल्याली जागा शाबूत हुती. नवी चीर न्हवती, पन आजून निम्मा रस्ता ऱ्हायला हुता.

"नवऱ्याला चप्पल मारती?" हे मान चोळत आलं.

"मी न्हाई बसनार त्यात."

"आगं नवं पाटं हायत! रिकामी गाडी हाय! ह्याच्यावर काय करू, ढगात नेऊ?"

"मला ठावं न्हाई. मी न्हाई बसनार."

"पोरगी दाखवायची न्हाई व्हय?"

ते आईकून मला आसा राग आला की डोळ्याम्होरं आंधारी आली. दाखवायची न्हाई म्हनं! ह्यांनी तावातावानं मागं हौद्यात चडून गादी उचलली, मला दावायला की खाली सगळं नीट हाय. ते चडलं तशी जीप मागनं वाईच दबली. उतरलं, परत वर आली. आख्ख्या दिसात ती जीप पयल्यांदा दबल्याली बगितली मी.

"आवं, परत चडा," मी म्हनलं.

"का?"

"चडा तर!"

चडलं. परत दबली. म्हंजी हिला वझं पायजे. डोंगर भरायसाठी कडक केल्याली गाडी आमी दोन जिवांसाठी मोकळी काडली हुती.

ह्यास्नी सांगितलं तर म्हनलं, "वझ्यानं धक्का वाडतो. मागल्या बारीला बगितलंस न्हवं?"

"तवाचं पाटं मेलं हुतं. हे जितं हायत."

"हितं रस्त्यात वझं कुटनं आनू? दगडं भरू?"

दगड उडून पोरीच्या अंगावर आलं आसतं. म्होरं बगितलं तर लिंबाखाली यष्टीची वाट बगत बायका बसल्याल्या, सांगलीत हळदीच्या वखारीला जानाऱ्या. मी तिथनंच हाळी दिली, "आवं मावशी, सांगलीला येताय का? समद्या या! फुकट!"

हे म्हनलं, "फुकट? धर्मशाळा काडली का?" पन बायका आल्या बी.

येक चांगली जाडजूड मावशी म्हनाली, "मला घिऊ नगा बाई, पाटं मोडतील."

"तुमीच पयल्या चडा," मी म्हनलं. "हितं, बराबर चाकावर."

हौदा गच्च भरला. पोरीला तिघीचौघींच्या मांडीवर आडवी घेतली, फाकल्याल्या पायांखाली हात. यष्टीत सरळ धरा म्हननारं लोक आटवलं. हितं कुनी तसं म्हनलं न्हाई. जीप निघाली ती म्हशीवानी डुलत. खड्डा आला की वाकायची, उठायची, फेकायची न्हाई. मावशीनं मला ईचारलं, "पोरीला काय झालं गं?" आन् मी खुब्यापासनं चपलंपत्तुर समदं सांगितलं.

सांगलीत डाक्टरनं पलास्तरवर बोटानं टकटक केलं, कडंकडंनं बगितलं. "या वेळी बरं आणलंत. आणखी दोन महिने असंच सांभाळा."

हे छाती फुगवून म्हनलं, "नवं पाटं घातल्यात सायेब. कडक काम झालंय."

मी पोरीला उचललं. तिथं बोलले आसते तर भांडान झालं आसतं. भाईर आल्यावर म्हनलं, "जाताना पेंडीची पोती भरा. निम्मीच गाडी."

"निम्मी का?"

"भरा म्हंते न्हवं."

पोरीला पाजून पेंडीच्या वखारीपाशी येते तर हौद्यात पोत्यांची ही थप्पी, आन् हे दोरी आवळतंय. मागची फळी पार चाकावर टेकल्याली, खड्डा आला तर दबायला जागाच न्हाई. "मिस्त्री म्हनालाय न्हवं, डोंगर भरा!"

"उतरवा," मी म्हनलं.

"आगं, हमाल गेलं..."

"बोलवा त्यास्नी. उतरवा."

हमाल आलं, हसत हसत पोती उतरवाय लागलं, हे तोंड फिरवून बिडी वडत बसलं. मी पोरीला छातीशी धरून मागच्या चाकापाशी हुबी ऱ्हायले. फळी आन् चाकाच्या मधी माझा पंजा हुबा जाईल येवडी जागा झाली, तवाच म्हनलं, "बास," आन् वर चडले.