रिकामा कॅन

चूक माझी होती आणि मी गप्प राहिलो. वीस वर्षांपूर्वी अकोल्यात मी अतिवाहक, म्हणजे खूप थंड केली की विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या तारेवर संशोधन करत होतो. ती थंड करायला द्रव नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून मागून आणायचो. तिथले शिपाईकाका म्हणायचे, “घ्या सर, पण तळाले राहू द्या. तुमच्या तारेले थंडी पायजे, तशी आमच्या वळूच्या बीजालेबी.” पाहुण्यांना प्रयोग दाखवायचा होता त्या दिवशी, काका जेवायला गेलेले पाहून मी सगळा कॅन ओतून नेला. थंड झालेल्या तारेच्या वेटोळ्यावर चुंबक अधांतरी तरंगला, टाळ्या पडल्या. तिकडे कॅनमध्ये साठवलेलं वळूंचं वीर्य नासलं, ठपका काकांवर आला आणि त्यांची नोकरी गेली. काल एका मोटरसायकलला बांधलेला तसाच कॅन दिसला आणि मी वलगावला काकांच्या घरी गेलो. पाणी देत त्यांनी विचारलं, “तुमची तार थंडी झाली होती ना, सर?” “झाली होती, काका,” मी म्हणालो, “कॅन मीच रिकामा केला होता. मला माफ करा.”