एर्ना पेनरचा गुरुवार

एर्ना पेनर कॅनडातल्या विनिपेगच्या दक्षिणेला, मेनोनाइट या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या गावात वाढली. भावानं कॅथलिक मुलीशी लग्न केलं, तेव्हा वडिलांनी स्वतः मरेपर्यंत त्याचं नाव टाकलं. ती सल घेऊनच एर्ना शहरात आली आणि विद्यापीठाच्या सर्वधर्म केंद्रात नोकरीला लागली. तिथं तिनं दर गुरुवारी पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. कोबीचं बिनमांसाचं सूप, पाव, आणि जेवताना मनसोक्त वाद.

त्या जेवणाचा जीव म्हणजे दोन पोरी, ज्यू घरातली शिरा आणि मुसलमान घरातली लुबना. एकमेकींच्या उपासांची टिंगल करायच्या, आणि उपास सुटायच्या वेळी एकमेकींसाठी खजूर राखून ठेवायच्या. गुरुवारच्या जेवणाच्या पत्रकावर एर्नानं दोघींचाच हसरा फोटो छापला होता.

मग तिकडे, दोघींचे नातेवाईक राहायचे तिथं, युद्ध पेटलं. आधी शिराचा मावसभाऊ मारला गेला, पुढं लुबनाची आत्या, राहत्या घरासकट. दोघी यायच्या थांबल्या. हळूहळू बाकीचेही.

एर्नानं लुबनाला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं. "एकदा ये गं. शिराचं दुःखही तुझ्यासारखंच आहे."

"तुम्ही मोजून बघितलंत वाटतं?" लुबना म्हणाली. "तुमच्या पत्रकावर आम्ही दोघी अजून हसतोय. आधी तो फोटो काढा."

शिरानं खोलीचं दार अर्धंच उघडलं. "समजूत घालू नका, एर्ना. मला तिचं तोंड बघवत नाही. आणि बघवत नाही याचीच लाज वाटते."

एर्नानं सगळी पत्रकं उचलून रद्दीत टाकली. प्रार्थनेला बसली आणि अर्ध्यावरच उठली. दर गुरुवारी ती सूप करायची आणि तसंच ओतून द्यायची.

अशाच एका गुरुवारी शिरा आली. कोट न काढताच कोपऱ्यात बसली. "बोलायला लावू नका," एवढंच म्हणाली. एर्नानं तिच्यापुढं सुपाचा वाडगा ठेवला. थोड्या वेळानं दारात लुबना. शिराला बघून ती जागीच थबकली. एर्नाच्या ओठांवर 'ये' आलं होतं, ते तिनं गिळलं. लुबनानं वाडगा भरून घेतला आणि बाहेर बोळात जाऊन भिंतीला टेकून बसली.

ती निघून गेल्यावर एर्नानं तिचा वाडगा आत आणला. शिरानं विचारलं, "खाल्लं तिनं?"

"अर्धं टाकलं."

शिरानं मान हलवली, आणि तीही गेली. एर्नानं दोन्ही वाडगे शेजारी शेजारी ठेवले. हे काही जुळतंय, की उरलंसुरलंही तुटतंय, तिला कळेना.